आठ रॉडांच्या आठ टोप्या

खंडेनवमीला घरातलं लोखंड धुवायला मी बसत नाही. आमच्या घरी हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, माझी सायकल, सगळं बायको एकटीच पुसते, पाटावर मांडते, झेंडू वाहते आणि मी ओसरीत कालचं वर्तमानपत्र पुन्हा वाचत बसतो. यंदा तिनं विचारलं, "सायकलची घंटी खोलून धुऊ का? लय काळी पडली." मी इतक्या जोरात "नको" म्हणालो, की शेजारच्या अंगणात मूग वाळत घालणारी बाई वळून पाहायला लागली.

"जिथली तिथं राहू दे. खोलू नको काही."

"घंटीच तर आहे, बाप्पा," बायको म्हणाली. "तुमाले कोणी विमान खोलाले सांगून राहिलं का?"

तिला मी कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. झेंडू आणि रॉकेल हे दोन वास एका ठिकाणी आले की मी तिथून उठतो. अमरावतीत दसऱ्याच्या सुमाराला पहिला कापूस यायला लागतो. जिनिंग फॅक्टरीच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग लागते, सरकीचा तेलकट वास सुटतो, हवेतला कापूस भुवयांवर बसून माणसं आठवडाभरात म्हातारी दिसायला लागतात. लोक या हंगामाची वाट पाहतात. मला मात्र छप्पन सालचा हंगाम आठवतो आणि बारा वर्षं झाली तरी चीड येते. आधी पुर्ज्यांची येते, मग अकोल्याच्या पॅसेंजरची, मग दुकानदाराच्या हसण्याची. माझी स्वतःची सगळ्यात शेवटी येते. ती आधी यायला हवी.

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि एका जिनात स्टोअरकीपर होतो. नटबोल्ट, पट्टे, ग्रीस, गोणपाट, यांचा मी राजा. आमच्या शेठच्या वडिलांनी लढाईच्या आधी एक अमेरिकन मोटार घेतलेली होती. बॉनेट एवढं लांब की त्यावर माणूस पाय पसरून झोपावा, आणि त्याखाली एका रांगेत आठ सिलिंडर. मोठे शेठ म्हणे बडनेऱ्याहून पॅसेंजर सुटल्यावर चहा घेऊन निघायचे आणि मूर्तिजापूरच्या फाटकाशी तिला गाठायचे. पण ते गेल्यावर गाडी शेडमध्ये पडली, तिच्या टपावर सरकीची पोती चढली. छप्पन सालच्या भाद्रपदात शेठच्या मनानं घेतलं की माघात मुलीचं लग्न आहे, वरात याच गाडीतून काढायची. इंजिन पूर्ण खोलायचं, जे गेलं ते बदलायचं. खोलायचं काम सुदाम मिस्त्रींचं आणि पुर्जे आणायचं माझं.

सुदाम मिस्त्री वलगावचे. रोज सायकलीवर यायचे. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकलेले. जिनाचं ऑइल इंजिन चालू असताना ते फाटकातून आत येता येताच सांगायचे, "आज व्हॉल्व्ह ढिला बोलून राहिला." ते महार होते. हे लिहायला आज जड जातं, पण तेव्हा आम्ही ते एक क्षणही विसरत नव्हतो, म्हणून लिहिलंच पाहिजे. स्टोअरच्या मागच्या भिंतीवर एका खिळ्याला दांडा तुटलेला कप टांगलेला असायचा. तो त्यांचा. त्यात चहा मी ओतायचो, जरा वरून. खंडेनवमीला शेठ इंजिनाची पूजा करायचे तेव्हा आम्ही सगळे आत असायचो आणि वर्षभर त्या इंजिनाच्या पोटात हात घालणारा माणूस दाराबाहेर उभा असायचा. आरती झाली की मीच त्यांच्या हातावर प्रसाद टाकायचो. तोही वरूनच.

त्या भाद्रपदाचे पंधरावीस दिवस मात्र आनंदाचे होते, हे खोटं नाही. पुर्जे निवडणं म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकलो. मी चकाकी पाहायचो, ते पाहायचेच नाहीत. डोळे मिटून नख फिरवायचे. पिस्टन दोरीला टांगून त्यावर लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारायचे आणि ऐकायचे. तडा असेल तर आवाज बसका येतो. बाहेरचा माल येणं त्या काळात फार आखडलं होतं. या गाडीचे आठ पिस्टन एका जातीचे अख्ख्या वऱ्हाडात मिळेनात. अकोल्यात सहा मिळाले, दोन दुसऱ्याच बनावटीचे घ्यावे लागले. "वजन सारखं पाहिजे," मिस्त्री म्हणाले, "नाहीतर चालता चालता इंजिन लंगडते." मी आठही पिस्टन पिशवीत घालून सराफ्यात गेलो. सराफानं तराजूत पहिला पिस्टन ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या देवाचा मुकुट हा?" दुसऱ्या बनावटीचे दोन जड निघाले. मिस्त्रींनी ते आतून कानशीनं घासले. मी पुन्हा सराफाकडे, पुन्हा कानस. चौथ्या खेपेला काटा स्थिर राहिला तेव्हा सराफानंच टाळी वाजवली.

बारीकसारीक सगळं जमत होतं. दसऱ्याच्या आधी इंजिन पूर्ण उघडं झालं आणि मिस्त्रींनी शेडच्या जमिनीवर गोणपाट अंथरून एकेक पुर्जा रांगेनं मांडला. त्यात आठ कनेक्टिंग रॉड होते. पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा हा दांडा. त्याच्या खालच्या टोकाचा अर्धा गोल वेगळा निघतो, त्याला ते टोपी म्हणायचे. कारखान्यात रॉड आणि टोपी आधी जोडतात आणि मग आतला गोल कापतात. त्यामुळे आठही टोप्या दिसायला सारख्या, एकीची दुसऱ्याला बसतेही, पण तो गोल मग गोल राहत नाही. त्यांच्यावर कारखान्याचे आकडे असतात, पण पूर्वी कुण्या शहाण्यानं घासून घालवले होते. मिस्त्री लोखंडावर घाव घालून खुणा करायला नाखूश असायचे. त्यांनी जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून बांधल्या. पहिल्या रॉडला आणि त्याच्या टोपीला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं आठपर्यंत.

त्या दसऱ्याला ते नागपूरला निघाले होते. वऱ्हाडातून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे कपडे घातलेली माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर भाकरींची गाठोडी. ती माणसं दीक्षा घ्यायला चालली होती हे ठाऊक नसलेला माणूस वऱ्हाडात नव्हता. आम्ही आमच्या ओसऱ्यांत बसून त्यावर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी निघताना मिस्त्री शेडच्या दारात थांबले. नवं पांढरं धोतर, चेहरा आतून दिवा लावल्यासारखा. मला म्हणाले, "बाबू, मांडलं तसं राहू द्या. हात लावू नका. परवा येतो."

"जा हो निश्चिंत," मी म्हणालो.

ते गेले आणि पूजेची तयारी सुरू झाली. शेठनं सांगितलं, "यंदा मोटारीचीबी पूजा लावा. पोरीच्या लग्नाची गाडी हाय." मी शेडमध्ये गेलो. गोणपाटावर काळेकुट्ट, तेलकट पुर्जे, त्यांवर मळक्या चिंध्या. देवापुढे असं कसं ठेवायचं? पूजेपुरतं धुतलं तर काय बिघडतं, असं मला वाटलं. खरं तर असंही वाटलं, की हा माणूस देव सोडायला गेला आहे, निदान त्याच्या कामाला तरी देवाचा हात लागू दे. मोठं पुण्य करतो आहोत अशा थाटात मी चिंध्या सोडल्या, रॉकेलच्या घमेल्यात सगळे रॉड, सगळ्या टोप्या एकत्र बुडवल्या, घासल्या, पुसल्या. पाटावर आठ रॉडांच्या कमळाच्या पाकळ्या मांडल्या आणि मधे आठ टोप्यांचं गोल कडं. प्रत्येकीत एक झेंडू. हळद, कुंकू. फार सुंदर दिसलं. शेठ म्हणाले, "वा, स्टोअरबाबू!" आरती झाली आणि खोबरं वाटलं. दारात कुणी नव्हतं, म्हणून त्या वर्षी मला प्रसाद घेऊन बाहेर जावं लागलं नाही.

दुपारी फुलं काढून पुर्जे परत गोणपाटावर ठेवायला गेलो आणि कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग दिसला. सोळा चिंध्या, त्यांच्या गाठी मोजता येत होत्या, पण कोणती कुणाची हे सांगणारं आता काही नव्हतं.

सांगून टाकायला हवं होतं. मी काय केलं, तर त्याच चिंध्या एकेक करून परत बांधल्या. एक गाठ या रॉडला, एक या टोपीला. अंदाजे. बोटांना तेल लावून चिंध्या पुन्हा मळवल्या. गोणपाटावर रांग लावली. अगदी मांडलं होतं तसं.

शेठ रागावतील ही भीती होती, पण ते खरं कारण नव्हे. ज्या माणसाच्या हातावर मी पाच वर्षं वरून प्रसाद टाकला, त्याच्यासमोर "मिस्त्री, मी चुकलो" म्हणायला माझी जीभ तयार नव्हती. एवढंच कारण होतं. आज ते शब्दांत मांडायला बारा वर्षं लागली.

मिस्त्री ठरल्या दिवशी आले. आवाज बसलेला, डोळे जागरणानं लाल, पण चाल वेगळी. गोणपाटावर नजर फिरवली आणि म्हणाले, "पुसून बी घेतलं वाटते?"

"धूळ बसली होती," मी म्हणालो.

चहाची वेळ झाली तेव्हा त्यांनी खिळ्यावरचा तो कप काढला, एकदा फिरवून पाहिला आणि भंगाराच्या पेटीत ठेवला. रागानं नाही. जो पुर्जा आता चालायचा नाही, तो जसा ठेवतात तसा. मग घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि कामाला लागले. मी किटली हातात धरून तसाच उभा.

आणि मग तो हंगाम सुरू झाला. बेअरिंगचा हंगाम म्हणा. रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये दोन अर्ध्या वाट्यांसारखं बेअरिंग बसतं. त्याच्या पाठीवर आकडा असतो, क्रँक जेवढा घासला असेल तेवढ्या जाडीचं घ्यायचं. बसवून बोल्ट आवळले की रॉड आडवा धरून सोडायचा, तो स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली आला पाहिजे. झोपाळू माणसाची मान खाली येते ना, तसा. आमचा पहिला रॉड जागचा हलेना. दुसरा धप्पकन पडला. तिसरा अर्ध्यात अडकला.

"बेअरिंग चुकीचं दिलं," मिस्त्री म्हणाले. "बदलून आणा बाबू."

मी अकोल्याला गेलो. जायचं म्हणजे आधी बडनेरा, तिथून पॅसेंजर. ती कधी मूर्तिजापूरला तास तास उभी राहायची. खिडकीतून दिसणारी कपाशीची पांढरी शेतं पाहून लोक खूश होत आणि मला वाटे, सगळ्या जगानं चिंध्या अंथरून ठेवल्या आहेत. अकोल्यात इब्राहिमभाईंचं जुन्या पुर्ज्यांचं दुकान होतं. छतापासून गिअर टांगलेले, खाली लढाईतल्या लॉऱ्यांचे सांगाडे. त्यांनी दुसरा सेट दिला. तो बसला नाही. तिसरा आणला, दुसऱ्या बनावटीचा. तोही नाही. एका सेटमध्ये जुनीच बेअरिंगं नव्या कागदात गुंडाळलेली निघाली. एकदा आकडा बरोबर आणि लांबी चुकीची. प्रत्येक वेळी मी भांडायचो, आणि मला माहीत असायचं की भांडण खोटं आहे.

"फिर आले बाबू?" इब्राहिमभाई मला लांबूनच पाहून हसायचे. "इंजिन बनवून राहिले का इंजिनाले स्थळ पाहून राहिले? तीन नवरे दाखवले. एकही पसंत नाही!"

"माल खराब देता आणि वर हसता?"

"माल खराब नाही, साहब. अपने मिस्त्रीले पूछो, भोक गोल हाय का? भोक गोल नसंल तं कोणतंच बेअरिंग नाही बसत."

भोक का गोल नाही, ते मला माहीत होतं. हा निरोप मी मिस्त्रींना दिला नाही. चौथा सेट घेऊन परत आलो. वाटेत पेटी मांडीवर धरून ठरवत होतो की आज सांगायचं. बडनेरा आलं तेव्हा ठरवलं की आज नको, उद्या.

जिनात तोवर दुसरंच सुरू झालं होतं. शेठ एक दिवस शेडमध्ये आले, उघड्या इंजिनाकडे पाहिलं आणि मिस्त्रींच्या तोंडावर म्हणाले, "कसं होईन चालू? हत्याराले फूल न वाहता तू नागपूरले गेला. लोखंड रुसलं तुह्यावर." आजूबाजूची माणसं हसली. मग ते वाक्य सगळ्या जिनात फिरलं. कापूस दाबायच्या प्रेसवरचे लोक मिस्त्रींना पाहून म्हणायचे, "देव सोडला अन् हात सुटला." कुणी विचारायचं, "काहून मिस्त्री, नवा देव बेअरिंग नाही देत का?"

मिस्त्री एकदाच बोलले. "आमचा देवबिव काही नाही, बाप्पा. बेअरिंग अकोल्याहून येते."

मी तिथेच होतो. स्टोअरच्या खिडकीत. पूजेनं बिघडलेलं इंजिन पूजा न करणाऱ्या माणसाच्या माथी मारलं जात होतं आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून वायसर निवडत होतो. मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्या.

ज्यांनी नागपूरला दीक्षा दिली ते डिसेंबरात गेले आणि मिस्त्री आठ दिवस आले नाहीत. त्या आठ दिवसांत वलगावच्या रस्त्यानं माणसं रडत चालत होती. शेठही त्या आठवड्यात काही बोलले नाहीत. आले तेव्हा मिस्त्री खूप म्हातारे दिसत होते. शेडमध्ये बसले, एक टोपी हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. मग माझ्याकडे बेअरिंग देऊन म्हणाले, "पाठीवरचा आकडा वाचा तं बाबू. माह्या डोयाचा भरवसा नाही राहिला." आकडा त्यांनी बरोबर वाचलेला होता. पुढच्या बाजाराला त्यांनी चष्मा घेतला. तो त्यांना लागत नव्हता. लावला की ठेचकाळायचे.

आणखी पंधरा दिवस असे गेले. मी स्वतःवर इतका चिडलेलो असायचो की घरी बायकोशी मिठावरून भांडायचो.

शेवटी शेंदरानं सांगितलं. घासकामात खरा उंचवटा कुठे आहे ते पाहायला मिस्त्री लोक शेंदूर तेलात कालवून लावतात. जिथं टेकतं तिथला शेंदूर पुसला जातो. संक्रांतीच्या आधी एका सकाळी मिस्त्रींनी बेअरिंग काढून नुसत्या टोपीला शेंदूर लावला, रॉडवर आवळली, उघडली. मग चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि जोडावरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "ही हिची टोपी नव्हे."

मग तीन दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसलो. प्रत्येक रॉडला प्रत्येक टोपी लावून पाहायची. मी बोल्ट आवळायचो, ते नख फिरवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची जोडी जुळली. चिंध्यांनुसार फक्त दोन टोप्या बरोबर होत्या. एका टोपीच्या बोल्टच्या भोकात काहीतरी लाल खरवड निघाली. ती त्यांनी नखानं काढली, अंगठ्यावर चोळली आणि शेंदराच्या वाटीशेजारी गोणपाटाला पुसली. लाल म्हणजे शेंदूरच असणार, असं त्यांना वाटलं असेल. ते खंडेनवमीचं कुंकू होतं.

ते म्हणाले, "गाठी मीच मारल्या. जायच्या घाईत मारल्या. मन नागपूरले होतं, हात इथं." आणि मग, "आनंदानं माणूस आंधया होते."

हीच वेळ होती. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

इंजिन जुळलं, तेच चौथ्या सेटचं बेअरिंग बसलं, रॉड झोपाळू माणसाच्या मानेसारखे खाली आले. सुरू केलं तेव्हा आठही सिलिंडर असे बोलले की प्रेसवरची माणसं काम सोडून धावत आली. शेठ खुशीत म्हणाले, "मी सत्यनारायण बोललो होतो. देवानं ऐकलं."

मिस्त्रींनी हात पुसले आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, "देवाचं काही नाही शेठ. चूक माही होती. टोप्यांच्या गाठी चुकीच्या बांधल्या मी. अकोल्याच्या माणसाचा माल चांगला होता, त्याले निरोप धाडा." जी चूक त्यांनी केली नव्हती, ती कबूल करायला त्यांना एवढाच वेळ लागला. मी शेजारी टॉवेल घेऊन उभा होतो.

वरात निघाली. शेठनं हौसेनं गाडी मूर्तिजापूरपर्यंत पिटाळली, पॅसेंजरला गाठलं म्हणे. मला तो आवाज ऐकवेना. हंगाम संपल्यावर मिस्त्रींनी जिन सोडलं. सरकारी वर्कशॉपात लागले. मी स्टोअरमध्येच राहिलो. ती गाडी आता पुन्हा शेडमध्ये आहे आणि टपावर पोती आहेत.

यंदा बायकोला "नको" म्हणून ओरडलो आणि मग बसवेना. सायकल तशीच, न धुतलेली, मी घेतली आणि वलगावचा रस्ता धरला. रस्त्यात कपाशीच्या गाड्या भेटत होत्या. मिस्त्री निवृत्त झाले आहेत हे ऐकून होतो. घरापुढच्या कडुलिंबाखाली ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. जमिनीवर गोणपाट, त्यावर उघडलेला पंप, पुर्ज्यांना चिंध्या. प्रत्येक चिंधीला गाठी तर होत्याच, शिवाय प्रत्येक पुर्ज्यावर छिन्नीनं आकडेही कोरलेले होते. लोखंडावर घाव न घालणारा माणूस.

"बाबू? तुमी? या, बसा." सुनेनं चहा आणला, घरातल्या सगळ्यांच्याच कपांसारख्या कपात. मी तो खाली ठेवला आणि सांगितलं. पूजा, रॉकेल, कमळ, पुन्हा बांधलेल्या चिंध्या, इब्राहिमभाईंचा न दिलेला निरोप. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना त्यांच्याकडे पाहिलं नाही, पंपाकडे पाहिलं.

त्यांनी पंपाच्या एका पुर्ज्यावरची चिंधी चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे गाठी बरोबर होत्या."

"बरोबर होत्या."

"एकूण एक?"

"एकूण एक, मिस्त्री."

त्यांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "त्यायले मी एकदाच पाह्यलं, बाबू. त्या दिवशी नागपूरले. लय लांबून, पण पाह्यलं. त्या दिवसाची आठवण काढली का पाठोपाठ ह्या चिंध्या येत. मले वाटे, एवढा मोठा दिवस अन् आपण हातचं काम नासवून गेलो. मंग ठरवलं, काम उघडं टाकून कुठंच जायचं नाही. अन् काम तं कधी मिटतच नाही. दर दसऱ्याले इथून सारे नागपूरले जातेत. मी नाही गेलो." त्यांनी बोटांवर मोजलं. "अकरा दसरे."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याची तयारी केली होती ते वाक्य माझ्याजवळच राहिलं.

"उद्या दसरा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बडनेऱ्याहून आता गाडी किती वाजता हाय?"

मी सांगितलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत पाहून सुनेला म्हणाले, "माहे पांढरे कपडे काढ वं," आणि घरात गेले. धुतलेल्या कपड्यांत बाहेर आले तेव्हा खांद्याला पिशवी होती. मी अजून गोणपाटाजवळच बसलेलो. त्यांनी उघड्या पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मांडलं तसं राहू द्या," ते म्हणाले. "हात लावू नका बाबू. परवा येतो."

ते हसत होते की नाही, हे मला उन्हामुळे दिसलं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांची सायकल रस्त्याला लागेपर्यंत तसाच बसून राहिलो.